मागे बसणाऱ्याचे वजन

माझ्या थोरल्या बहिणीने उतारवयात मोटरसायकल शिकावी, असे तिच्यासकट कुणाच्याही मनात नव्हते. ताई पडदे आणि सोफ्याची कव्हरे शिवते. अंगकाठी लहान, आवाज लहान, हट्ट मात्र मापाबाहेरचा. भाऊजी बसचालक, उंच आणि भरदार. सारे आयुष्य त्यांनी माणसे मागे बसवून नेली. सेवानिवृत्ती जवळ आली असताना त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. वाचा शाबूत राहिली, इतकी की रुग्णालयात खाट कोपऱ्यावरून कशी वळवावी याच्या सूचना ते खाटेवरूनच देत होते. हाताची मूठ मात्र वळेना. उपचारकेंद्रातल्या यंत्रांवर नियमित व्यायाम झाला तरच ती पुन्हा वळेल, घरी बसलात तर हात आखडेल, असे तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितले.

रुग्णांची ने-आण करण्यासाठी वाहन उपलब्ध आहे, असे त्या केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. ते वाहन मी पाहिले आहे. मागच्या आवारात ते विटांवर उभे असते. चाके कुणी नेली हे सांगायला कुणी तयार नाही. मी लेखी तक्रार केली. ‘वाहन उपलब्ध आहे’ असेच उत्तर आले, आणि ते शब्दशः खोटे नव्हते. माझी स्वतःची मोटार होती, पण माझी नोकरी नेमक्या त्याच वेळेची.

तेव्हा ताईने भाऊजींची मोटरसायकल बाहेर काढली. गोदामामागच्या मोकळ्या जागेत भाऊजी खुर्चीवर बसून ओरडत, ती गोल गोल फिरे.

“अगं, क्लच! शिवणयंत्राचं पायडल आहे का ते?”

“पायडलवर माझा पाय आजवर कधी चुकला नाही. तुमचंच यंत्र उलटं आहे, अहो!”

ती शिकली. खरी अडचण भाऊजी मागे बसू लागल्यावर आली. गाडीचे ढुंगण खाली बसे, तोंड वर होई, हँडल हलके लागे, आणि प्रत्येक गतिरोधकावर सीटखालचा शॉकअप तळाला आपटून ‘धाड’ असा आवाज येई. गतिरोधकांविषयी मी येथे काही लिहीत नाही. लिहू लागलो तर ताई बाजूला राहील. शेजाऱ्यांनी सल्ला दिला की शॉकअपच्या स्प्रिंगवरची फिरती कडी, ती कॉलर, आवळा, म्हणजे स्प्रिंग कडक होते. ताईने आवळली. एकटी असताना गाडी आणखी उंच झाली, तिचे पाय जेमतेम टेकू लागले, आणि दोघे बसल्यावर धाड होती तिथेच राहिली. कॉलर गाडीला वर उचलते, पण स्प्रिंग मुळात मऊ असेल तर ती काही कडक होत नाही, हे शेजाऱ्यांना ठाऊक नसावे. सल्ले देण्यासाठी तशी अट नसते.

परगावी राहणाऱ्या भाच्याने फोनवर निर्वाणीचे सांगितले, “आई, एकदा जरी पडलात ना, तर गाडी विकून टाकायची. गिऱ्हाईक माझ्याकडे तयार आहे.”

“मग बाबांना कसं न्यायचं?”

“बघू काहीतरी.”

या ‘बघू’चा अर्थ ताईला नीट कळत होता.

स्प्रिंग बदलायची असे ठरले, तेव्हा भाऊजी म्हणाले, “हे काम मी बघतो.” आजारपणानंतर त्यांनी आपणहून मागून घेतलेले हे पहिले काम. ताईला बरे वाटले आणि तिने विचारपूस केली नाही. भाऊजींनी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या खोलीत ती यंत्रावर जाड कापड शिवत होती. ताई गाडी दुकानात ठेवून आली, दुसऱ्या दिवशी घेऊन आली. मिस्त्री चहाला गेला होता, त्याच्या माणसाने किल्ली हातात ठेवली.

केंद्राच्या वाटेवर पहिल्याच गतिरोधकाला पुन्हा तोच आवाज झाला. पुढच्या वळणावर हँडल भरकटले, खडीवरून चाक सरकले आणि दोघे रस्त्याच्या कडेला बसते झाले. ताईचे कोपर सोलवटले, भाऊजींना लागले नाही. पण घरी आल्यावर ते “मी नाही बसायचो आता त्या गाडीवर” म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले. शेजाऱ्यांनी भाच्याला कळवण्यात तत्परता दाखवली. गिऱ्हाईक सोमवारी गाडी न्यायला येणार, असा त्याचा निरोप आला.

शनिवारी ताई मोटरसायकल घेऊन दुकानात गेली आणि मी भाऊजींना मोटारीतून घेऊन गेलो. त्यांना घराबाहेर काढायला तिने एकच वाक्य वापरले होते, “काम तुम्ही घेतलं होतं, ते अर्धवट आहे.”

मिस्त्रीने गाडीकडे पाहून हात झटकले. “सांगितली तीच स्प्रिंग आहे. माझी काही चूक नाही.”

“माप न घेता स्प्रिंग बसवता?” मी विचारले.

“साहेब, फोनवरून टेप लागत नाही.”

“गाडी तर दिवसभर तुमच्या दारात होती.”

“गाडी होती. बसणारे कुठे होते?” तो म्हणाला, आणि टेप काढून हँडल धरून उभा राहिला. “आता बसा. या काका, पुढे या.”

ताईने हेल्मेट चढवलेलेच होते. मिस्त्रीने एकदा तिच्याकडे आणि एकदा भाऊजींच्या डाव्या हाताकडे पाहिले. भाऊजी जागचे हलले नाहीत.

“फोनवर काय सांगितलंत हो?” ताईने हळूच विचारले.

“चालवणारा किती किलोचा, असं विचारलं याने. मी म्हटलं, नव्वद. मागे बायको, पन्नास धर.”

त्यांनी फसवले असे मला वाटत नाही. चालवणारा कोण, या प्रश्नाला त्यांच्यापाशी दुसरे उत्तरच कधी नव्हते. मग पुढे होऊन, उजव्या हाताने सीटची मागची कड पकडून ते मिस्त्रीला म्हणाले, “चालवते ती. मागे मी बसतो. आणि नव्वद नाही, पंच्याण्णव लिही. बसून बसून वाढलंय.”

“मग सगळं गणितच उलटं की, काका! पुढच्याचं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं. मागच्याचं बहुतेक सगळं मागच्याच चाकावर.”

त्याने शॉकअप उतरवला, स्प्रिंग शिकंज्यात दाबून सोडवली आणि तितक्याच उंचीची, पण जाड तारेची दुसरी आणली. ती वाटीत सरळ बसली की नाही हे बोट फिरवून पाहिले. मग दोघांना गाडीवर बसवून मागच्या आसापासून सीटच्या कडेपर्यंत मापले, कॉलर थोडी फिरवली, पुन्हा मापले. शॉकअपला दबायला जेवढी जागा असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा वजनाने खर्ची पडला, आणि त्याने मान डोलावली. तक्रारीला जागा उरली नाही याचे मला किंचित वैषम्य वाटले.

“पण बाईंना आता उंच पडणार,” तो म्हणाला. “एकट्या असताना तर जास्तच.”

“सीट माझ्याकडे सोपवा,” ताई म्हणाली. रविवारी तिने सीटचे कव्हर उसवले, पुढच्या बाजूचा फोम सुरीने पातळ केला आणि कव्हर पुन्हा शिवले. मागचा फोम होता तसा ठेवला.

सोमवारी सकाळी मी रजा घेऊन त्यांच्या मागोमाग मोटार नेली. पहिला गतिरोधक आला. गाडी दबली, उठली, आवाज आला नाही. मोठ्या चौकात दिवा लाल झाला. रस्ता तिथे डावीकडे उतरता आहे. ताईचा डावा पाय खाली पोचेना, तिने गाडी उजवीकडे कलवली. फोम कापूनही चवडाच टेकला आणि गाडी डगमगली. भाऊजींनी उजवा पाय सरळ खाली सोडला, रस्त्यावर घट्ट रोवला आणि गाडी आपल्या अंगावर तोलून धरली.

“मी धरलीय,” ते म्हणाले. “तू फक्त दिव्याकडे बघ.”

ताईच्या पिशवीत फोन वाजत होता, गिऱ्हाईक दाराशी आले असावे. तिने तो वाजू दिला. दिवा हिरवा झाला, भाऊजींनी पाय वर घेतला आणि ती निघाली.