रैट काकांचा पटवारी

काका आमच्या बेला गावच्या बसला कंडक्टर होते, तेव्हा त्यांच्या तोंडी एकच शब्द ऐकू यायचा : ‘रैट!’ गाडी हलवायची, रैट. जेवून ताट सरकवलं, रैट. घरातलं भांडण मिटलं की तेही रैट. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावरच उरलं होतं.

रूलच्या बाबतीत मात्र माणूस लोखंड. जनावर बंद टोपलीत मुकाट बसलं तर लगेजचं तिकीट. ओरडलं तर मालकासकट खाली. भाजीवाल्या सखूबाईला त्यांनी कोंबडीपायी चार वेळा उतरवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात, जगातला प्रत्येक अन्याय माझ्याच अंगावर घेतलेली. ‘कष्टकऱ्यांच्या कोंबडीला न्याय द्या!’ अशी ढीगभर पत्रकं रात्रभर हातानं लिहून त्यातलं एक मी स्टँडवर चिकटवलं. काकांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं. “अक्षर चांगलं हाय वं पोरी,” म्हणाले. “पण कोंबडी खालीच.”

काका रिटायर झाले, काकू गेल्या, डोळ्यांना दिसेनासं होत चाललं. आदिलाबादचा मुलगा दर रविवारी न्यायला यायचा आणि हात हलवत परत जायचा. कारण होतं पटवारी. पटवारी म्हणजे काकांचा बोका. घराचा कोपरा न् कोपरा मोजून ताब्यात घेतलेला, म्हणून हे नाव. “पटवारी येईन तं मी येईन,” काका म्हणत. “अन् तो वाटेत उतरला तं मी बी उतरलो. मंग बाप बेल्यातच राह्यला समज.”

आमच्याकडे नकोशा मांजराला पोत्यात घालून पैनगंगेपलीकडे सोडायची रीत आहे. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, भरा पोत्यात आणि सरकवा सीटखाली. नुसतं पोतं झटकलं, तर पटवारी दोन दिवस बेपत्ता! काका संतापले. “पोत्यात चोरीचा माल जाते. माया पटवारी तिकीट काढून जाईन.”

मग त्यांनी बुरुडाकडून झाकणाची टोपली करून आणली. आत स्वतःचा जुना खाकी शर्ट घातला, आणि शर्टाखाली गादी म्हणून माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा! मी भडकलेच. काका म्हणाले, “काऊन चिडून राह्यली? इतके दिवस तुया पत्रकावर कोणी बसलं तरी होतं का?”

पंधरा दिवस झाकण टोपलीला लागलंच नाही. पटवारीचं दूध आत, भाकर आत, झोप आत.

“काका, हे तर आमिष दाखवून कैदेत टाकणं झालं,” मी म्हटलं.

“कैद? मले कडी दाखव कुठं हाय ते.”

पुढे झाकण एका विडीपुरतं लागू लागलं, मग दोन विड्यांपुरतं. पण पटवारी ओरडायच्या आत ते उघडायचं. “वरडल्यावर उघडलं तं त्याले वाटते, वरडलं का उघडते,” काका म्हणाले. “मंग तो तुया मोर्च्यात सामील होईन.”

शेवटी बसची तालीम. टोपली शेजाऱ्याच्या बैलगाडीत, गाडी शेतातल्या खडबडीत पांदीच्या वाटेत, मी पळीनं पत्र्याचा डबा बडवतेय आणि काका ओरडताहेत, रैट! रैट! जनतेच्या चळवळीसाठी राखलेला माझा आवाज मी इंजिनाच्या घुरघुरीत खर्च केला. आठवड्याभरात त्या गोंगाटात पटवारी घोरू लागला.

जायच्या दिवशी मी सोबत होते. लगेजचं तिकीट फाडणारा कंडक्टर काकांच्याच हाताखाली शिकलेला. टोपली मांडीवर, पटवारी गाढ झोपेत. अर्ध्या वाटेत, कापसाच्या शेतांमध्ये, बस बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं. सगळं शांत झालं, आणि आमची चूक माझ्या ध्यानात आली. पटवारीला आम्ही गोंगाट शिकवला होता. शांतता शिकवायची राहून गेली होती.

टोपलीतून असा आवाज निघाला की पुढचं तान्हं बाळ रडू लागलं.

कंडक्टर जवळ आला, बिचारा खाली बघत. “काका, रूल तं तुमीच शिकवला.”

“बराबर हाय,” काका म्हणाले आणि टोपली उचलून उभे राहिले. मी भाषण सुरू करणार, तोच मागून सखूबाई कडाडली, “बस खाली, बुढ्या! मायी कोंबडी चार डाव उतरवली यानं. आज हा कायमचा बेल्यातच राह्यला तं रोज याचं तोंड कोण पाहीन?” पांदीतली आमची तालीम तिनं पाहिली होती; तिनं भाजीची पाटी पालथी घातली आणि बडवायला लागली. बघता बघता अख्खी बस घुरघुरू लागली. म्हातारे, सुना, कॉलेजची पोट्टी, सगळे इंजिन. बॉनेटमधून डोकं काढून ड्रायव्हर चक्रावून बघत राहिला. पटवारी गप्प झाला. कंडक्टर खिडकीबाहेर कापूस बघू लागला.

मुलाच्या घरी झाकण उघडलं, तर पटवारी बाहेर येईना. मुलगा म्हणाला, “उलटी करू का टोपली?”

“खबरदार!” काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ उभे राहिले आणि जुन्या आवाजात पुकारा केला, “आदिलाबाद! आदिलाबाद! चला, उतरा!”

पटवारीनं अंग ताणलं आणि आरामात खाली उतरून घराचा पहिला कोपरा मोजायला निघाला.

त्यानंतर काका मला पुन्हा भेटले नाहीत. त्या दिवशी ते मला घाई करत होते, परतीची गाडी चुकन, निघ. मी फाटकापाशी उगाच रेंगाळले. पाय निघत नव्हता. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, तरी कसं कळलं कोण जाणे.

आतून आवाज आला, “रैट!”

मग मला निघावंच लागलं.