माझ्या चिमट्यावरचा पांढरा नंबर

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात. त्या उपटताना बायकांच्या तळहातांची सालं निघतात. बाजारात लोखंडी चिमटा मिळतो, पण त्यालाही वाकावं लागतंच. परभणीला शेती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी वेगळा चिमटा काढला. ताठ उभं राहून पायानं दाबायचं, जबड्यात खोड अडकतं, दांडा मागे ओढला की मुळासकट वर. आकृत्या माझ्या. बनवला जिंतूरला, माझ्या मामांच्या वेल्डिंगच्या दुकानात, सुट्टीत. पहिले जबडे वाकले तेव्हा मामा म्हणाले, "तुझा कागद हुशार हाय माय, लोखंड न्हाई." मग आम्ही जाड पट्टी घेतली. बिल मागायचं माझ्या मनातही आलं नाही. भाचीला बिल कोण देतं?

खंडेनवमीला आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सगळी अवजारं धुऊन, तेल लावून ओळीनं मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. तिथले मिस्त्री मला म्हणाले, "तुझा चिमटा कुठाय? हत्यार हाय ते. पूजा चुकवू नको." माझ्या इंग्रजी शाळेत असलं काही नसायचं. आपल्यालाही कुणीतरी ओळीत बोलावलं याचंच मला अप्रूप. मी हॉस्टेलच्या खोलीतून चिमटा आणून नांगराच्या फाळाशेजारी ठेवला.

दसरा झाल्यावर स्टोअरच्या बाबूंनी वार्षिक मोजणी काढली. ओळीत मांडलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पांढऱ्या रंगानं विभागाचं नाव आणि नंबर टाकला. माझ्या चिमट्यावरही.

"घे, तुझा चिमटा सरकारी नोकरीला लागला," रूममेट म्हणाली. "आपल्या आधी!"

मीही हसले. रंग खरवडून काढावा असं एकदा वाटलं, पण बाबू रागावतील म्हणून राहू दिला.

जानेवारीत आमच्या गाईड सरांनी पेटंटचा विषय काढला. अर्जदार विद्यापीठ. संशोधक म्हणून आधी सर, मग विभागप्रमुख, मग मी. एक अवजार कंपनी परवाना घ्यायला तयारही होती. सर वाईट नव्हते. "अगं, नाव तर येतंयच ना तुझं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं की मी खूश होईन.

मला तो चिमटा मामांच्या दुकानात बनवायचा होता. वर्षभर मी दुसरा विचार केला नव्हता. वर्गातल्या मुली पुण्याच्या मुलाखतींना जात होत्या, मी एकही अर्ज भरला नाही. विद्यापीठात पेटंट पाहणारा एक कक्ष आहे, त्याचा नियम मी वाचून पाठ केला होता. विद्यार्थ्यानं स्वतःच्या सामानावर केलेलं काम विद्यार्थ्याचं, विद्यापीठाच्या सामानावर केलेलं विद्यापीठाचं. म्हणजे माझंच. इतकं सोपं होतं ते.

कक्षाच्या बैठकीत मी एवढंच म्हणाले, की चिमटा जिंतूरला बनलाय. त्यासाठी सगळं बळ एकवटावं लागलं.

अधिकाऱ्यांनी चिमटा टेबलावर आडवा ठेवला. "मग हा नंबर कसा?"

मी पूजेचं सांगितलं. कुणीतरी हसलं. वर्कशॉपमधला पूजेचा फोटोही निघाला, त्यात फाळाशेजारी माझा चिमटा, वर झेंडूचं फूल.

"लोखंडाचं बिल?"

"नाही. मामांचंच होतं."

"मग मामांना आणा. ते सांगतील."

पुढच्या बैठकीला मामा एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, दाढी करून. दारातच चप्पल काढली. मी म्हणाले, "मामा, राहू द्या," तर म्हणाले, "साहेबाचं हापिस हाय." रिकामी खुर्ची असूनही ते उभेच राहिले.

"हा तुम्ही बनवला?"

"जी साहेब."

"लोखंड कुणाचं?"

मामांनी चिमट्याकडे पाहिलं, नंबराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हाच कळलं. त्यांना वाटलं आपण काही चोरल्याचा आळ येतोय. भाचीनं कॉलेजचं सामान दुकानात आणलं असं हे लोक म्हणायलेत, असं त्यांना वाटलं.

"तुमचंच हाय साहेब," ते घाईनं म्हणाले. "नंबर हाय की त्याच्यावर. आमचं काय न्हाई. लेकरू शिकायलंय, त्याचं नुकसान नका करू."

"मामा, खरं सांगा ना," मी म्हणाले. माझा आवाज टेबलापलीकडे गेला की नाही, माहीत नाही.

"खरंच सांगायलोय," मामा म्हणाले, आणि त्यांनी साहेबांना हात जोडले.

मी पुन्हा तोंड उघडलं. वाक्य आधी इंग्रजीत आलं, मग मराठीत जुळवेपर्यंत साहेब पुढच्या कागदाकडे वळले होते. शेजारी बसलेल्या गाईड सरांनी पेन पुढे केलं. कागदावर होतं, हक्क विद्यापीठाचा, मंजुरीशिवाय हे अवजार कुणी बनवायचं नाही, विकायचं नाही. मामांच्या समोर मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं, की आपल्या बोलण्यानं काय झालं. मी सही केली.

बसस्टँडवर मामांनी दोन चहा सांगितले. ते एकदम मोकळे झाले होते.

"साहेब लय चांगले हायेत. मी तर भ्यालो होतो. झालं ना तुझं काम?"

"झालं."

"आता ऐक. आमच्या गल्लीतल्या बायका विचारायल्यात, तुझ्या भाचीचं ते हत्यार कधी मिळतंय म्हणून. पट्टी आणून ठेवलीय मी. चार करून ठेवू का?"

जिंतूरची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभं राहून ओरडत होता. मामा उत्तराची वाट बघत एक पाय पायरीवर ठेवून थांबले, आणि मागची माणसं त्यांना ढकलायला लागली.

"सध्या नका करू, मामा," मी म्हणाले.

"का गं? काय कमी राहिलंय का त्याच्यात?"

"हो," मी म्हणाले. "थोडं कमी राहिलंय."

"मग ये की रविवारी. दोघं मिळून बसू," ते आतून ओरडले.