मुनिबाचा मराठी अर्ज

लेक मुनिबा रत्नागिरीला शिकायला गेली त्याला आता सहा वर्षं झाली, तरी २०१३ चा तो उन्हाळा आठवला की नूरबानूला गलबलून येतं.

आखातातल्या मत्रह गावात, बाजारामागे दोन खोल्यांचं त्यांचं घर. नवरा सादिक कापडाच्या दुकानात कामाला. मुनिबा बारावीला छान गुण मिळवून पास झाली आणि फार्मसीच करायची म्हणून हटून बसली. फी काही झेपणारी नव्हती. गावाकडची एक ट्रस्ट शिष्यवृत्ती देते असं कळल्यावर सादिकने एका शिकल्यासवरलेल्या गिऱ्हाइकाकडून झकास अर्ज लिहून घेतला आणि धाडून दिला.

अर्ज परत आला. सोबत चिठ्ठी होती: ‘हे मुलीचं लिखाण नाही. तिला स्वतः, मराठीत लिहू द्या.’

“खलास!” मुनिबा म्हणाली. “अम्मी, मला कुठे मराठी लिहिता येतं?”

“मी हाय ना गो.”

नूरबानू सातवी शिकलेली. वीस वर्षांत तिने वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण रोज दुपारी भांडी आवरली की दोघी पंख्याखाली वही उघडून बसायच्या. मुनिबा ‘माझा आई’ लिहायची आणि मग दोघींना हसू आवरायचं नाही.

आईच्या शिक्षणाबद्दल लिहिताना मुनिबा थांबली. “सातवीच का? तुला शाळा आवडायची नाही म्हणून?”

“आवडायची गो. स्कॉलरशिपसुद्धा लागली होती. तालुक्याला जाऊन कागदावर सही तेवढी आणायची होती. अब्बा बोटीवर, मला नेणारं कोण? तारीख टळून गेली.”

हे तिने सादिकलाही कधी सांगितलं नव्हतं. मुनिबाने ते जसंच्या तसं अर्जात उतरवलं.

“खोड ते! चारचौघं वाचतील.”

“खरं आहे ना, अम्मी? मग राहू दे.”

आणि ते राहिलं. पुढच्या महिन्यात ट्रस्टचा फोन आला. चारही वर्षांची फी मिळणार होती.

मुनिबा आता तिकडेच एका इस्पितळात औषधं देते. फोन आला तो दिवस नूरबानूला धड आठवतही नाही. आठवतात त्या दुपारी, आणि लेकीला पहिल्यांदाच स्वतःबद्दल खरं सांगितल्यावर जिवाला मिळालेला तो थंडावा.