पिवळ्या गुळाचा शास्त्रज्ञ

आमच्या गल्लीतल्या बाहुबली चौगुलेंनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, आयुष्यभर खताचं दुकान चालवलं आणि साठीला टेकल्यावर स्वतःला शास्त्रज्ञ ठरवलं. त्यांचा बेत असा: फॉस्फेटच्या दगडाची भुकटी पिंपात टाकायची आणि त्यात जिवाणू सोडायचे. जिवाणूंच्या आम्लाने दगडातला फॉस्फरस पाण्यात उतरतो. ते पाणी उसाचं खत म्हणून शेतकऱ्यांना विकायचं. जिवाणू गुळावर वाढतात, एवढंच अण्णांना ठाऊक होतं. बाकीचं ठाऊक असायला त्यांनी माझ्या मुलीला, रुचिताला, एमएस्सी होताच कामावर ठेवलं.

तिने काळा, बिनपावडरचा गूळ मागितला. अण्णांनी सोन्यासारखा पिवळाधमक आणला.

"काळी ढेप बघून पावणं काय म्हणतील? चौगुल्यांची ऐपत न्हाय?"

गूळ पिवळा दिसावा म्हणून गुऱ्हाळात घातलेल्या पावडरीने जिवाणू मेले. तपासणीत फॉस्फरस नावालाही आला नाही.

"आलाय म्हणून लिही की पोरी," अण्णा म्हणाले. "सही तेवढी तुझी. शेतकरी मी बघतो."

सही नसेल तर नोकरी नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी घाबरट बाई. कर सही, असं म्हणायचंही माझ्या ओठावर आलं होतं. रुचिताने अहवालात शून्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर ठेवला.

नोकरी गेली. आता ती घरून दुसरीकडे अर्ज पाठवते. मंदिरात अण्णा भेटले की म्हणतात, "वैनी, पोरीला जरा व्यवहार शिकवा." मी देवाला हात जोडून पुढे होते. उत्तर द्यावं एवढीही त्यांची लायकी नाही.