खालची ओळ

माझ्या नातवंडांनो, तुमच्या दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. घरात कोणाला कोणता आजार होता, असं त्यात विचारलं होतं. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला सहज सांगितलंत, की आजोबांच्या नावापुढे बाबांनी ‘हार्ट’ असं लिहिलं. तेवढ्या बोलण्यात तुमचे बाबा पाणी प्यायला तीनदा उठले. मी मोजलं. म्हणून आजच लिहायला बसले. हे पत्र बाबाच तुम्हाला वाचून दाखवतील, आणि तसंच व्हायला हवं.

मी पनवेलला मृत्यूनोंदणीच्या खिडकीमागे नोकरी केली, हे तुम्हाला माहीत आहे. काय काम करायची ते कधी सांगितलं नाही. माणूस दवाखान्यात वारला, की डॉक्टर एका कागदावर मृत्यूचं कारण लिहितात. त्यावर एकाखाली एक ओळी असतात. सगळ्यांत वर लिहायचं, शेवटी काय झालं. सगळ्यांत खाली लिहायचं, हे सगळं कशापासून सुरू झालं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून डॉक्टरांचं अक्षर लावायचं काम माझ्याकडे आलं. शहरात टीबीने किती गेले, डेंग्यूने किती, साखरेच्या आजाराने किती, हे त्या खालच्या ओळीवरून ठरतं. पण घाईतले डॉक्टर वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहून सही करत. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. मग मी फोन करायची, आणि उत्तर मिळेपर्यंत कागद पुढे सरकवायची नाही.

आजोबा मला यावरून छळायचे. दूध नासलं की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, “वरची ओळ, दूध नासलं. खालची ओळ, मी तापवायचं विसरलो. करा नोंद.”

त्यांना बरीच वर्षं साखर होती. मी एक वही केली होती. लाल शाईने रकाने आखले होते, तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर. ते बोट टोचून घ्यायला कंटाळायचे, म्हणून मध्ये आठवडेच्या आठवडे कोरे आहेत. शेवटच्या पावसाळ्यात ते घरातही मोजे घालू लागले. लादी गार लागते, म्हणाले. मी मोजे धुतले, वाळत घातले, आणि पाय एकदाही पाहिला नाही. पाहिला तेव्हा अंगठा काळा पडला होता. विष अंगभर पसरलं. दवाखान्यात नेलं, पण चार दिवसांत गेले.

भेटायला येणारे म्हणत, पटकन गेले, पुण्यवान माणूस. मला ते ऐकायला बरं वाटायचं. तेराव्यानंतर कामावर गेले, तेव्हा टेबलावरच्या गठ्ठ्यात त्यांचा कागद होता. हृदयक्रिया बंद पडली. खाली कोरं. फोन समोरच होता. मी तो उचलला नाही. शहराचे आजार मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातला पाय दिसला नाही, हे कोणाला कळायला नको होतं. त्यांची नोंद मी माझ्या हाताने हृदयविकारात घातली, आणि तुमच्या बाबांना फोनवर तेच सांगितलं.

पुढच्या वर्षी जवळच्या नेरे गावच्या वरच्या वाडीतली एक बाई खिडकीशी आली. वीटभट्टीवर काम करणारी. तिचा नवरा इथल्या दवाखान्यात वारला होता. दाखल्यावर कारण छापत नाहीत, म्हणून तिने मलाच विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. हृदय.

“नाय बाई,” ती म्हणाली. “छातीच्या खोकल्यानं गेला तो. रगात पडत हुतं. तुमी खरं लिवलं नाय, तर माज्या पोरांना तपासाला कोन येनार?”

मी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. खालची ओळ भरून आली, टीबी, आणि तो कागद मी टीबीच्या विभागात स्वतः नेऊन दिला. तिची पोरं तपासली गेली. धाकटीला औषध सुरू झालं. मी मात्र घरी येऊन जेवले आणि तुमच्या बाबांना काहीच कळवलं नाही. तेव्हा तरी कळवायला हवं होतं.

रविवारी तुम्ही झोपायला गेल्यावर मी बाबांना पुन्हा फोन केला आणि मोज्यांपासून सगळं सांगितलं. ते पुन्हा पाणी प्यायले. मग म्हणाले, “आई, मलाही वर्षभर तहान लागतेय. मला वाटलं, हीटरमुळे.”

त्यांची साखरेची तपासणी परवा आहे. इथे मी दोन्ही घड्याळं पाहत बसते, भिंतीवरचं आणि तुमच्या वेळेला लावलेलं. बाबांना एकच सांगा, पाय रोज उजेडात बघायचे, तळवेसुद्धा. ते विसरले, तर तुम्ही बघा.

शहराच्या तक्त्यात आजोबा अजून चुकीच्या रकान्यात आहेत. वही माझ्या कपाटात आहे. लाल रेघा फिकट झाल्या आहेत, पण आकडे वाचता येतात.