बाईंच्या बैठकीतला कॉन्चेर्टो

माझे वडील कागद मिलमध्ये होते. त्यांच्या साहेबांच्या बायकोकडे पियानो होता. मी त्यांच्याकडेच शिकले. साहेब गेल्यावर बाई पियानोसकट बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात राहायला आल्या. मीही लग्न होऊन इथंच आले, त्यामुळे रविवारची शिकवणी चाळिशीतही सुटली नाही.

एकोणिसाव्या शतकातला एक युरोपीय कॉन्चेर्टो आम्ही कित्येक वर्षं वाजवत होतो. कॉन्चेर्टो म्हणजे एक पियानो आणि त्याच्या जोडीला अख्खा ऑर्केस्ट्रा. पियानो मी वाजवायची, ऑर्केस्ट्रा बाई तोंडानं गायच्या. तो त्यांनी फक्त रेकॉर्डवर ऐकलेला होता.

मागच्या हिवाळ्यात मला कळलं, की अशा रचना घरात वाजवता याव्यात म्हणून ऑर्केस्ट्राचा भाग दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा एक चेलो एवढ्यावर बसवलेला मिळतो. इंदूरला असे चार वादक होते. मी फोन केला, ते आले.

सूर जुळवताना चेलो वाजवणारी मुलगी थांबली. "मॅडम, पियानो अर्धा सूर उतरलाय."

"चढवला तर तारा तुटतील," बाई म्हणाल्या. "तुम्हीच उतरा."

चौघांनी आपापली वाद्यं अर्धा सूर खाली लावून घेतली.

ऐकायला शेजारपाजारचे काही लोक होते. पलीकडच्या घरानं तेवढ्यापुरता खडखडणारा पॉवरलूम बंद ठेवला होता. त्या घरातल्या भाभींनी विचारलं, "पिक्चरचं गाणं बी वाजवनार का?" नाही म्हटल्यावरही त्या बसून राहिल्या.

आम्ही वाजवलं. माझ्या दोन जागा चुकल्या. संथ भागात व्हायोला इतका जवळून ऐकू येत होता, की वाजवणाऱ्याचा श्वासही कळत होता. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. ओठ हलत नव्हते.

टाळ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुरुवात परत वाजवा. पियानो नको."

मला जरा लागलं. मग हात मांडीवर ठेवून मीही ऐकत बसले. पियानो येण्याआधीचा तो लांबलचक भाग मी पहिल्यांदाच नुसता ऐकत होते. एरवी माझं सगळं लक्ष आपली जागा कधी येते याकडे. चांगला होता.

चहा-पोहे घेऊन वादक संध्याकाळच्या बसनं गेले.

पुढच्या रविवारी मी सवयीनं तीच पानं उघडली, तर बाईंनी ती मिटली.

"तो झाला आता," म्हणाल्या. "दुसरं काहीतरी काढ."