पाण्याखाली गेलेली बेकरी

पेंडीन फ्लॅट ही आमच्या गावची जुनी पेठ बघायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या खिडकीपाशी येतो. मी तिकीट देते, हवी असेल तर सोनं चाळायची पत्र्याची परात देते, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगते. सोळा वर्षं हेच करते आहे. परातीतले सोन्याचे कण आम्हीच सकाळी वाळूत टाकतो. बाकी जे काही लोक बघतात, ती पेठ, ते दगडी दरवाजे, फरसबंदी, ते सगळं क्लॅरी टॅम्ब्लिनने उभं केलेलं आहे.

ब्याण्णव सालची गोष्ट. नदीवर धरण बांधून झालं होतं आणि जुनी पेठ पाण्याखाली जाणार हे नक्की झालं होतं. सोन्याच्या नादाने आलेल्या माणसांनी सव्वाशे वर्षांपूर्वी वसवलेली पेठ ती. बँक, छापखाना, घोड्यांच्या दाण्याचं दुकान, दोन गुत्ते आणि बोसांकोंची बेकरी. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, ट्रस्ट स्थापन झाला, आणि असं ठरलं की जमतील तेवढ्या इमारती दगड दगड सोडवायच्या आणि वर, जिथे तळ्याचा काठ येणार तिथे, पुन्हा रचायच्या. काम क्लॅरीकडे आलं. आमच्याकडचा दगड पापुद्र्यांचा, चुन्यात नीट बसवला नाही तर सुटतो. तो बसवता येणारा खोऱ्यात तेवढा एकच गवंडी उरला होता.

बेकरी त्याच्या बायकोची, मर्लची; बोसांको तिचं माहेर. तिचा पणजोबा सोनं शोधायला कॉर्नवॉलहून आला होता. सोनं सापडलं नाही, म्हणून खाणीतल्या लोकांना पाव भाजून घालू लागला. वडिलांच्या मागे मर्लने ती बेकरी अठरा वर्षं चालवली. आणि क्लॅरीने नेमकी तीच सगळ्यात शेवटी ठेवली.

“आधी आपली सोडव ना,” मर्ल त्याला म्हणाली होती. मी तेव्हा तिच्या दुकानात पाव घ्यायला उभी होते.

“आणि लोक काय म्हणतील? टॅम्ब्लिनने सासऱ्याची भट्टी काढली आणि बँक बुडवली?”

“म्हणू देत की.”

“सहा आठवडे आहेत अजून, मर्ल. होतंय सगळं.”

झालं नाही. त्या वर्षी डोंगरावरचा बर्फ लवकर वितळला आणि धरणवाल्यांनी तीन आठवडे आधी पाणी अडवलं. नऊ इमारती वर आल्या. उरलेल्यांच्या भिंती पाण्यात अर्धवट उभ्या राहू नयेत म्हणून बुलडोझर आला. मर्ल रस्त्यावर हात बांधून उभी होती. भट्टीची कमान एका धक्क्यात पडली नाही, तीन धक्के लागले. ती रडली नाही की नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने घरात पीठ मळलं नाही. बोसांकोंची मुलगी बावीस वर्षं सुपरमार्केटातला प्लास्टिकच्या पिशवीतला पाव आणून खात होती आणि क्लॅरी समोर बसून तोच पाव खात होता.

मग मर्लचा विसरभोळेपणा सुरू झाला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग मुलगी जॅनीन, जी तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थला असते. राहिली ती बेकरी. रोज दहाच्या सुमाराला ती घरून चालत यायची, कोटावर एप्रन बांधून, आणि माझ्या खिडकीशी थांबायची.

“बाई, आमचं दुकान कुठे गेलं हो? छापखाना तर इथे आहे. शेजारी आम्ही होतो.”

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तिचा चेहरा असा झाला की पुन्हा कधी सांगितलं नाही. मागून धापा टाकत क्लॅरी यायचा, तिचा दंड धरायचा. प्रवाशांना वाटायचं, जुन्या काळची बाई म्हणून हिला ट्रस्टनेच ठेवलंय. एकदा एका जोडप्याने तिला मध्ये उभं करून फोटो काढला. “अजून थोडं घाबरल्यासारखं करा ना, मस्त जमतंय तुम्हाला,” तो माणूस म्हणाला. क्लॅरीने त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि फरशीवर आपटला. मला पोलिसांना समजवावं लागलं.

त्याच आठवड्यात तो ट्रस्टच्या बैठकीत गेला. मी तिथे टिपणं घेत होते. अध्यक्ष हॅस्केल माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर त्याला श्वास घेता येत नाही.

“बेकरी बांधायचीय,” क्लॅरी म्हणाला. “पेठेच्या टोकाला. दगड मी आणतो, चुना मी आणतो. तुम्ही फक्त जागा द्या.”

“मिस्टर टॅम्ब्लिन, आमचा नाइलाज आहे. मूळ दगड नाहीत. ती इमारत होईल नक्कल. आणि त्या जागी बेकरी कधी नव्हतीच.”

“त्या जागी?” क्लॅरी हसलाच. “अरे बाबा, इथे काहीच नव्हतं. इथे मेंढ्या चरायच्या. तुम्ही ज्या खोलीत बसलाय ना, ती खोली तिथे खाली होती. मी आणली खांद्यावरून!”

“त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.”

“आभार नकोत. बायकोला तीन महिन्यांनी काहीच आठवणार नाही असं डॉक्टर म्हणतोय. मला तीन महिन्यांत भिंत हवीय.”

ठराव नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेच्या टोकाला असलेल्या तबेल्याच्या पलीकडे, काठावरच्या मोकळ्या जागेत, क्लॅरीने दोरी ताणली आणि पाया खणायला घेतला. शहात्तर वर्षांचा माणूस. हॅस्केलने दोनदा पत्र दिलं. क्लॅरीने दोन्ही पत्रांवर चुना कालवला. त्याला हात लावून हटवायची कोणाची छाती झाली नाही.

उन्हाळाभर तो बांधत होता. टेकड्यांवरून दगड आणायचा, फोडायचा, बसवायचा. मर्लला शेजारी खुर्चीवर बसवायचा. पण ती बसायची नाही. उठून काठाकडे जायची, रस्त्याकडे जायची, एकदा तर माल उतरवणाऱ्या ट्रकमध्ये चढून बसली. एका दुपारी मी त्यांच्यासाठी चीज रोल घेऊन गेले तर तिच्या कमरेभोवती लोकरी मफलर होता आणि त्याची गाठ खुर्चीच्या मागे मारलेली होती.

“क्लॅरी! हे काय?”

त्याने थापी खाली ठेवली नाही. “दगड उचलायला दोन हात लागतात, ग्लेनिस. तिला धरायला तिसरा कुठून आणू?”

“जॅनीनला बोलव. वृद्धाश्रमात जागा आहे, मी विचारलंय.”

“भट्टी होऊ दे.”

“आणि झाल्यावर काय होणार आहे?”

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, पापण्यांवर चुन्याची भुकटी. “ती आत जाईल आणि म्हणेल, आले बाई एकदाची. बस. तेवढंच ऐकायचंय मला. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.”

मर्ल माझ्याकडे बघून हसत होती. मफलरचं तिला काही वाटत नसावं. मी चीज रोल तिच्या हातात दिला आणि गाठ सोडायची हिंमत न करता परत आले. याची मला आजही लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटी, इकडे दक्षिण गोलार्धात थंडी सुरू होताना, दर्शनी भिंत, खिडकी आणि भट्टी तयार झाली. छप्पर नव्हतं. कमान हुबेहूब होती. मला तरी फरक कळला नाही. क्लॅरीने आत लाकडं पेटवली, दाढी करून आला, मर्लला नवा एप्रन बांधला आणि हात धरून आत नेलं. मी दारात उभी राहिले.

मर्लने कमानीवरून हात फिरवला. सांध्यात बोट घालून बघितलं. खूप वेळ बघत राहिली. क्लॅरी तिच्या शेजारी उभा.

“छान काम आहे,” ती त्याला म्हणाली, अगदी अदबीने, अनोळखी माणसाशी बोलावं तशी. “माझे मिस्टर गवंडी आहेत. त्यांना दाखवायला हवं.” आणि मग, थोडं थांबून, “पण आम्हाला आता निघायला हवं. आमचं दुकान उघडायचंय.”

क्लॅरी भट्टीच्या कट्ट्यावर बसला. तिथे विस्तव होता, पँट करपेल हेसुद्धा त्याला कळलं नाही. मी त्याला ओढून उठवलं.

त्यानंतर दोन आठवडे दोघं आली नाहीत. मी घरी जाऊन दार वाजवलं की तो आतूनच म्हणायचा, “बरे आहोत.” मी जॅनीनला फोन केला. ती म्हणाली, शुक्रवारचं विमान घेते.

गुरुवारी दहा वाजता मर्ल खिडकीशी आली, मागे क्लॅरी. डोंगरमाथे पांढरे झाले होते, वारा कापत होता. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. मी उत्तर द्यायच्या आत क्लॅरी म्हणाला, “चल, दाखवतो.”

असं तो कधी बोलला नव्हता. मी तिकिटं देत होते, समोर शाळेच्या सहलीची रांग होती. मान वर केली तेव्हा दोघं तबेल्याच्या पलीकडे पोचली होती. नव्या भिंतीपाशी थांबली नाहीत. उतारावरून खाली गेली, आणि हातात हात धरून, बुटांसकट, तळ्यात शिरली.

मी धावले. एवढी ओरडत होते की पेठेतली माणसं बाहेर आली. क्लॅरीने मागे बघितलं नाही. पाणी गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. मर्लचा एप्रन पाण्यावर पसरला. मी पाण्यात उतरले तेव्हा ती दोघं कमरेएवढ्या पाण्यात होती, आणि पुढे दहा पावलांवर तळ एकदम तुटतो, खाली पन्नास फूट.

तिथे मर्ल थांबली.

“क्लॅरी,” ती म्हणाली. सरळ त्याच्या नावाने, वर्षभरात पहिल्यांदा. “मूर्खा, बूट घालून कोणी पाण्यात येतं का? ओठ बघ कसे निळे झालेत. चल घरी.”

तो हलेना. तिने त्याची कॉलर धरली आणि त्याला वळवलं, अगदी भांडणात ओढावं तसं. मी पोचले तेव्हा तीच त्याला ओढत होती. तो हुंदके देत होता, आणि ती पुन्हा पुन्हा “बास आता, बास” म्हणत होती. काठावर येईपर्यंत तिला पुन्हा काही आठवेनासं झालं. मी कोट पांघरला तर मला विचारते, “हे गृहस्थ कोण? फार थंडी वाजतेय त्यांना.”

माझ्या तिकिटाच्या खोलीत हीटरजवळ बसवून मी त्याला विचारलं, “खरंच जाणार होतास?”

बराच वेळ दात वाजत होते. “तिथपर्यंत ठरवलं होतं,” तो म्हणाला. “पुढचं नव्हतं ठरवलं.”

जॅनीन दुसऱ्या दिवशी आली. सोमवारी मर्लला वृद्धाश्रमात नेलं. गाडी मी चालवली. क्लॅरी आवारापर्यंत आला आणि गाडीतून उतरेना. जॅनीन आईला आत घेऊन गेली. काचेतून दिसत होतं, मर्ल एका टेबलाशी बसली, कुणीतरी तिच्यापुढे सूप ठेवलं, आणि ती लगेच जेवायला लागली. एकदाही दाराकडे बघितलं नाही तिने.

“बघ,” क्लॅरी म्हणाला. “मी नसलो तरी चालतंय तिला.” मी गाडीचा हीटर लावला.

तरी तो रोज जायचा, अकरा महिने. ती त्याला कधी डॉक्टर म्हणायची, कधी तिचा धाकटा भाऊ. न्यूमोनियाने ती गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता. तिने शेवटी काय म्हटलं असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, “काही नाही. झोपेत गेली.”

हॅस्केलने ती भिंत पाडली नाही. धोका नको म्हणून तिच्याभोवती जाळी लावली, आणि नकाशात तिचा उल्लेख नाही. प्रवासी विचारतात, हे काय? मी सांगते, काम अर्धवट राहिलं. क्लॅरी गेल्या वर्षी जॅनीनकडे पर्थला गेला. तिकडे सगळी घरं विटांची आहेत, असं तिने कळवलंय, आणि बाबा दिवसभर गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात, काही करत नाहीत.